वरकड कोणी ठरवायचे?

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक गोष्ट घडली. शाळेतील एका मुलाच्या ऑपरेशनसाठी मदत गोळा करायची होती. प्रत्येक वर्गाने दोन हजार रुपये द्यावेत असे ठरले. आमच्या मॉनिटरने हुशारी केली. त्याने कागदाच्या तळाशी आधी दोन हजार ही बेरीज लिहिली आणि मग वर मुलांची नावे मांडून प्रत्येकापुढे आकडा टाकला. रिक्षावाल्याच्या मुलापुढे वीस, शिलाईकाम करणाऱ्याच्या मुलापुढे तीस आणि ज्याच्या अब्बांची बेकरी त्याच्यापुढे दोनशे. बेरीज बरोबर जुळली. आम्ही त्याची पाठ थोपटली आणि कागदावर सही केली. बेकरीवाल्यांचा मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, मुकाट्याने दोनशे रुपये टेबलावर ठेवले आणि जागेवर जाऊन बसला. महिन्याभराने कळले की बेकरीची भट्टी कर्जापायी तीन महिन्यांपासून बंद होती आणि ते पैसे त्याच्या अम्मीने शेजारणीकडून उसने आणले होते.

ऑपरेशन झाले, मुलगा बरा झाला. पैसा चांगल्या कामी लागला, कोणी खाल्ला नाही. तरीही ते दोनशे रुपये आमच्या मनातून जात नाहीत. ज्याच्याजवळ जास्त आहे त्याने ज्याच्याजवळ नाही त्याला द्यावे, हे तत्त्व कोण नाकारील? पण जास्त म्हणजे किती, हे कोणी ठरवायचे? आणि ठरवणाऱ्याचे चुकले तर ‘पुन्हा मोजा’ असे कोणी म्हणायचे?

मराठीत जास्तीच्या या भागाला ‘वरकड’ असा नेमका शब्द आहे. वरकडाचा हा प्रश्न विसाव्या शतकात अफाट प्रमाणावर आणि अफाट किंमत देऊन रशियात विचारला गेला. सोव्हिएत राज्याची पहिली पंधरा-सोळा वर्षे म्हणजे एका अर्थी याच प्रश्नाचा इतिहास आहे.

वाचकहो, हा इतिहास आपल्याला वाटतो तितका परका नाही. क्रांतीनंतर महिनाही झाला नव्हता तेव्हा, ३ डिसेंबर १९१७ रोजी, लेनिन आणि स्टालिन यांच्या सह्यांनी रशियातील आणि पूर्वेकडील मुसलमानांना उद्देशून एक आवाहन निघाले. तुमच्या श्रद्धा, तुमच्या चालीरीती, तुमच्या संस्था यापुढे मुक्त आहेत, असा त्याचा आशय होता. त्याच महिन्यात, हजरत उस्मान यांच्या नावाने ओळखला जाणारा आणि झारच्या अधिकाऱ्यांनी पूर्वी समरकंदहून नेलेला कुराणशरीफचा प्राचीन हस्तलिखित मुसहफ मुसलमानांच्या हाती परत देण्याचा हुकूम झाला. १९२० साली हिजरत करून अफगाणिस्तानात गेलेल्या हिंदुस्थानी तरुणांपैकी काही जण ताश्कंदला पोहोचले. तेथे त्याच वर्षी ऑक्टोबरात स्थापन झालेल्या भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सचिव मोहंमद शफीक होते. मौलाना हसरत मोहानी १९२५ च्या कानपूर कम्युनिस्ट परिषदेचे स्वागताध्यक्ष होते. आपल्या बार्शीचे शाहीर अमर शेख आयुष्यभर लाल बावट्याखाली गायले. आमच्या चाचांच्या पेटीतही मॉस्कोत छापलेली उर्दू आणि मराठी पुस्तके होती. त्यांतल्या चित्रांत गव्हाच्या पेंढ्या उंच आणि शेतकरी हसरे असत. त्या पुस्तकांवर प्रेम करूनच आम्ही वाढलो. म्हणून पुढचे लिहिताना कोणाची नालस्ती करण्याचा हेतू नाही. ज्यांच्याकडून आशा होती, त्यांचाच हिशेब माणूस पुन्हा पुन्हा तपासतो.

आता अडचण काय होती ते आधी इमानदारीने मांडले पाहिजे. १९१८ चा रशिया भुकेला होता. महायुद्धाने रेल्वे मोडकळीस आली होती. मार्चमधील ब्रेस्त-लितोव्हस्कच्या तहाने युक्रेनची गव्हाची कोठारे हातची गेली होती. यादवी युद्ध पेटले होते आणि ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका, जपान यांच्या फौजा रशियाच्या भूमीवर उतरल्या होत्या. पेत्रोग्राद शहरात काही दिवस माणशी रोज पन्नास ग्रॅम पाव मिळत होता. १९१७ साली तेवीस-चोवीस लाख वस्ती असलेल्या त्या शहरात १९२० मध्ये साडेसात लाखांच्या आसपास माणसे उरली. गावात धान्य होते, पण शेतकरी ते विकत नव्हता. विकून मिळणाऱ्या कागदी नोटांनी ना कापड येत होते, ना खिळा, ना रॉकेल.

अशा वेळी राज्यकर्त्याने काय करावे? बाजार मोकळा सोडावा, म्हणजे ज्याच्या खिशात पैसा त्यालाच रोटी? तो मार्गही निष्पाप नाही. १९४३ च्या बंगालमध्ये तांदूळ होता, तो विकत घेण्याची ताकद गरिबांत नव्हती आणि तीस लाखांच्या आसपास माणसे गेली. तेव्हा शहरातल्या भुकेल्या मुलासाठी गावातले धान्य आणले पाहिजे, असे जो म्हणतो तो जालीम आहे असे आम्ही म्हणणार नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

मे १९१८ मध्ये अन्नखात्याला जवळजवळ हुकूमशाही अधिकार मिळाले. शहरांतून कामगारांच्या हत्यारबंद तुकड्या धान्य काढायला खेड्यांकडे निघाल्या. जूनमध्ये गावोगाव गरिबांच्या समित्या नेमल्या गेल्या. शेजाऱ्याने शेजाऱ्याचे कोठार दाखवायचे आणि सापडलेल्या मालातला वाटा घ्यायचा, असा तो मामला होता. मग ११ जानेवारी १९१९ रोजी ‘प्रोदराझव्योर्स्तका’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत सुरू झाली. शब्द अवघड आहे, पण पद्धत आमच्या मॉनिटरचीच आहे. फौजेला आणि शहरांना किती धान्य लागेल हा आकडा आधी वर ठरायचा. तो प्रांतांत वाटायचा, प्रांताचा जिल्ह्यांत, जिल्ह्याचा तालुक्यांत, तालुक्याचा गावांत आणि गावाचा घरांत. शेतकऱ्याच्या नावापुढे जो आकडा येई तेच त्याचे वरकड.

आम्ही गणित शिकवतो. वजाबाकी कशी करतात? पिकले किती, त्यातून खायला किती, बियाणाला किती, जनावरांना किती. हे वजा करून जे उरते ते शिल्लक. येथे शिल्लक आधी लिहिलेली होती आणि बाकीचे आकडे तिच्या मापाने कापायचे होते. उत्तरापासून उलटी केलेली ही वजाबाकी होय. परीक्षेत मुलाने असे केले तर आम्ही शून्य देतो. सरकारने केले तर शून्य शेतकऱ्याच्या कणगीत उतरते.

न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की ही युक्ती बोल्शेविकांनी शोधली नव्हती. झारच्याच सरकारने १९१६ च्या अखेरीस धान्याचा असा वाटप-आकडा बसवून पाहिला होता. आणि पद्धत चुकल्याची कबुली खुद्द लेनिन यांनी दिली. धान्यकरावरील १९२१ च्या पुस्तिकेत त्यांनी मान्य केले की आम्ही शेतकऱ्यांकडून वरकड तर घेतलेच, कधीकधी त्याच्या पोटासाठी लागणारे धान्यही घेतले, आणि तेही बहुतांशी कागदी नोटांच्या बदल्यात, उधारीवर. एवढी स्पष्ट कबुली सत्तेवर असताना फार थोड्यांनी दिली असेल.

पण कबुली यायला उशीर झाला होता. आपले पीक उद्या ‘वरकड’ ठरणार हे कळल्यावर शेतकरी पेरणीच कमी करू लागला. तांबोव्ह प्रांतात १९२० पासून शेतकऱ्यांचे मोठे बंड चालू होते. १९२१ च्या मार्चमध्ये क्रोनश्टाट बंदरातले खलाशी उठले. क्रांतीत आघाडीवर असलेलेच हे खलाशी. त्यांच्या मागण्यांत गुप्त मतदानाने सोव्हिएतांच्या नव्या निवडणुका होत्या, कामगार-शेतकऱ्यांना बोलण्याचे स्वातंत्र्य होते, आणि खेड्यातून पोटापुरते धान्य आणणाऱ्यांना वाटेत अडवणाऱ्या तुकड्या हटवा, हेही होते. बंड बर्फावरून फौजा धाडून मोडले गेले. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला. पूर्वी कणगीत वर्षभराचे धान्य राखून असणारा शेतकरी दुष्काळाला तोंड देत असे. आता कणगीच नव्हती. व्होल्गाकाठी, समारा-सारातोव्हच्या रशियन खेड्यांत आणि तातार व बाश्कीर मुसलमानांच्या मुलखात, १९२१-२२ मध्ये सुमारे पन्नास लाख माणसे भुकेने आणि रोगराईने मेली. मॅक्सिम गॉर्की यांनी जगाकडे हात पसरला. हर्बर्ट हूव्हर यांच्या अमेरिकन मदत संस्थेने १९२२ च्या उन्हाळ्यात रोज सुमारे एक कोटी लोकांना जेवू घातले.

मार्च १९२१ मध्ये पक्षाच्या दहाव्या अधिवेशनाने उलटी वजाबाकी रद्द केली. तिच्या जागी धान्यातला कर आला. आधीच्या पद्धतीत त्या वर्षाचा आकडा सुमारे ६९ लाख टन होता, कराचा आकडा सुमारे ३९ लाख टन ठेवला गेला. फरक नुसता रकमेचा नव्हता. कर किती ते पेरणीपूर्वी सांगितले जाणार होते आणि कर भरल्यावर उरलेले धान्य शेतकऱ्याचे. त्याने खावे, साठवावे, विकावे. यालाच नवे आर्थिक धोरण म्हणतात. पाच-सहा वर्षांत शेती जवळपास युद्धापूर्वीच्या पातळीवर आली.

आमच्या वाचकांना येथे जकात आणि उश्र आठवणे साहजिक आहे. निसाबची मर्यादा आधी ठाऊक असते. त्याखाली असलेल्याकडून काही घ्यायचे नाही. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, कष्टाने पाणी देऊन पिकवलेल्याचा विसावा. माप आधी जाहीर, आणि घाम जास्त तेथे वाटा कमी. पण हे लिहून आम्हाला छाती फुगवायची नाही. मुहंमद तुघलकाच्या राज्यातही निसाब ठाऊक असणारे काझी आणि आलिम होतेच. तरी दुआबातल्या शेतकऱ्यावर वाढवलेला सारा लादला गेला, दुष्काळात तो सोसवला नाही आणि माणसे शेते टाकून रानात पळाली. माप ग्रंथात लिहिलेले असणे वेगळे आणि अंमलदाराच्या हातात ते टिकणे वेगळे. ते टिकायचे तर आणखी एक गोष्ट लागते.

ती गोष्ट त्याच दहाव्या अधिवेशनात हातची गेली. ज्या अधिवेशनाने शेतकऱ्याला माप दिले, त्यानेच पक्षांतर्गत गट करण्यावर बंदी घातली. बाहेरचे पक्ष आधीच दाबले गेले होते, आता आतही वेगळा सूर काढणे गुन्हा ठरू शकत होते. म्हणजे माप सुधारले, पण ‘माप चुकले’ म्हणण्याची जागा बंद झाली. तेव्हा हे फार कोणाला जाणवले नसावे, कारण रोटी मिळू लागली होती. पोट भरलेले असताना बोलण्याच्या हक्काची किंमत कळत नाही आणि पोट रिकामे होते तेव्हा तो हक्क उरलेला नसतो.

सात वर्षांनी हिशेब पुढे आला. सरकारने धान्याचे भाव कमी ठेवले म्हणून शेतकऱ्याने धान्य रोखले. जानेवारी १९२८ मध्ये स्टालिन स्वतः सैबेरियात गेले आणि नफेखोरीविरुद्धच्या कलमाखाली जप्तीचे हुकूम सुटले. जप्त मालाचा चौथा हिस्सा गावातल्या गरिबांना. शेजाऱ्यावर शेजारी सोडण्याची जुनी युक्ती पुन्हा आली. १९२९ च्या अखेरीस सामूहिक शेतीचा धडाका सुरू झाला आणि ‘कुलक’ हा वर्गच संपवण्याचे जाहीर झाले. कुलक म्हणजे धनाढ्य शेतकरी. पण धनाढ्य कोण? कोठे दोन गाई, कोठे पत्र्याचे छप्पर एवढ्यावर माणूस कुलक ठरला. आणि ज्याच्याकडे काहीच नाही पण जो विरोध करतो, त्याच्यासाठी ‘कुलकांचा हस्तक’ असा वेगळा शब्द तयार झाला. येथे वरकडाची व्याख्या पुरी झाली. आता ते धान्यात मोजायचे नव्हते, माणसातच मोजायचे होते. १९३० आणि १९३१ या दोन वर्षांत सुमारे अठरा लाख माणसे घरादारातून उठवून दूर नेली गेली.

या सगळ्याचा सर्वांत कडवट घोट कझाखस्तानच्या मुसलमान पशुपालकांनी प्यायला. १९२८ मध्ये तेथील सुमारे सातशे ‘बाई’, म्हणजे मोठे कळपवाले, यांची जनावरे जप्त करून त्यांना हद्दपार करण्यात आले. मग आकडे सामान्य माणसाच्या तंबूपर्यंत आले. जे धान्य पिकवतच नव्हते त्यांच्यावरही धान्याचा आकडा बसला, म्हणून त्यांनी जनावरे विकून धान्य विकत घेतले आणि सरकारजमा केले. जनावरे मांसासाठी शहरांकडे नेली गेली. कचेरीतल्या माणसाला शंभर मेंढ्या म्हणजे संपत्ती दिसते. भटक्या कुटुंबाला तेच दूध, तेच वस्त्र, तेच उद्याचे बियाणे. चार-पाच वर्षांत दहापैकी नऊ जनावरे नाहीशी झाली. १९३० ते १९३३ या काळात तेथे सुमारे पंधरा लाख माणसे मेली. त्यांतले तेरा लाख कझाख होते, म्हणजे त्या कौमेचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग. त्याच सुमारास युक्रेनमध्ये पस्तीस लाखांहून अधिक लोक भुकेने गेले. आणि १९३१ साली याच देशाने सुमारे पन्नास लाख टन धान्य परदेशी विकले, कारखान्यांची यंत्रे घ्यायला.

या कहाणीत एका माणसाचे नाव आम्हाला विसरता येत नाही. तुरार रिस्कुलोव्ह. भटक्या कझाख घराण्यात १८९४ मध्ये जन्मलेला हा तरुण क्रांतीवर मनापासून विश्वास ठेवून आला. १९१७ नंतरच्या तुर्कस्तानात रेल्वे तुटल्याने रशियातून येणारे धान्य थांबले होते. त्या मुलखाला झारच्या काळी कापूस पिकवायला लावले होते आणि रोटीसाठी परावलंबी केले होते. ताश्कंदच्या सोव्हिएतमध्ये रशियन रेल्वे कामगार आणि शिपाई यांचेच राज्य होते. नोव्हेंबर १९१७ मध्ये त्यांनी मुसलमानांना सरकारबाहेर ठेवले. धान्याची किल्ली कोणाच्या हाती आणि भूक कोणाच्या घरी, हे सांगायला नको. त्या वेळी रिस्कुलोव्ह दुष्काळ निवारण समितीचे प्रमुख झाले आणि सोव्हिएतच्या आत राहूनच आपल्या माणसांसाठी भांडले. तेव्हा भांडता येत होते.

१९३२-३३ मध्ये हेच रिस्कुलोव्ह रशियन प्रजासत्ताकाच्या सरकारात वरच्या पदावर, मॉस्कोत होते. कझाखांची दैना पाहून त्यांनी स्टालिन यांना पत्रे लिहिली. आकडे दिले, गावे दिली, उपाय सुचवले. पुढे काही सवलती मिळाल्या, पण तोवर लाखो माणसे गेली होती. १९३७ मध्ये रिस्कुलोव्ह पकडले गेले आणि १९३८ मध्ये त्यांना गोळी घातली गेली. त्या १९३७ च्याच जानेवारीत देशाची जनगणना झाली होती. माणसे अपेक्षेहून लाखोंनी कमी भरली. सरकारने जनगणनाच रद्द केली आणि ती करणाऱ्या प्रमुख अधिकाऱ्यांना तुरुंगात टाकले, काहींना ठार केले. वजाबाकीचे उत्तर सांगणाराच गुन्हेगार ठरला.

काही मित्र म्हणतात, याच काळात त्या देशाने निरक्षरता हटवली, कारखाने उभे केले, पुढे हिटलरला रोखले; मोठ्या कामाला किंमत द्यावीच लागते. निरक्षरता हटली हे खरे आहे आणि शिक्षक म्हणून आम्हाला त्याची कदर आहे. पण ‘किंमत द्यावी लागते’ या वाक्यात देणारा कोण हे लपलेले असते. स्वतः उपाशी राहून मुलाला शिकवणारी आई किंमत देते. दुसऱ्याच्या मुलाला उपाशी ठेवून शाळा बांधणारा किंमत देत नाही, वसूल करतो. कुर्बानी स्वतःच्या मालातूनच होते. शेजाऱ्याचा बकरा ओढून आणला तर त्याला कुर्बानी म्हणत नाहीत.

याचा अर्थ वाटून घेण्याचे स्वप्न खोटे होते असा आम्ही काढत नाही. श्रीमंताला हात लावू नका, असाही नाही. आमच्या मते या इतिहासाने गरिबांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्यांना तीन प्रश्न दिले आहेत. माप आधी सांगितले का? ज्याचे घ्यायचे त्याच्या घरात काय उरेल ते पाहिले का? आणि ‘चुकले, पुन्हा मोजा’ असे म्हणणारा सुखरूप घरी जाईल का? पहिले दोन प्रश्न दयेचे आहेत, चांगला राज्यकर्ता ते स्वतःहून विचारील. तिसरा हक्काचा आहे. तो नसेल तर पहिल्या दोघांचा भरवसा नाही, कारण राज्यकर्ता बदलतो, किंवा तोच माणूस बदलतो.

हे प्रश्न सरकारांपुरते नाहीत. मोहल्ल्याची कमिटी चंदा ठरवते, जमात लग्नाच्या खर्चाचा नियम करते, घरातला मोठा भाऊ धाकट्याची कमाई कशाला लागावी हे ठरवतो. हेतू चांगलाच असतो. कागदावर बेरीज जुळते. विचारायचे तेवढे राहून जाते.

पुढच्या वेळी वर्गात मदत गोळा करताना आम्ही यादी केली नाही. किती लागणार ते फळ्यावर लिहिले, झाकलेला डबा फिरवला आणि ज्याला जमणार नाही त्याने टाकू नये असे सांगितले. दोन हजारांच्या जागी चौदाशे जमले. उरलेल्या सहाशेंसाठी आम्ही शिक्षकांच्या खोलीत गेलो, दुसऱ्या वर्गांत गेलो, ‘कमी पडतात’ असे उघड सांगितले. त्रास झाला, वेळ गेला, पण रक्कम भरली.

बेकरीवाल्यांच्या मुलाची माफी मागायला आम्हाला दोन वर्षे लागली. तोवर तो शाळा सोडून अब्बांबरोबर पुन्हा भट्टीवर उभा राहू लागला होता. तो उर्दूत जे बोलला ते मराठीत लिहितो. तो हसला, हात पिठाचे होते म्हणून मनगटानेच कपाळ पुसले आणि म्हणाला, “सर, तेव्हा विचारलं असतं तर सांगितलं असतं.”